सतरावा उमेदवार



निवडणूक जवळ आली की गावोगावच्या पारावर एकच हिशेब सुरू होतो. आपल्या सदस्याने पाच वर्षांत काय आणले? किती रस्ता झाला, किती हातपंप बसले, सभामंडपाला पत्रे मिळाले की नाही? हा हिशेब गैर नाही, पण तो अपुरा आहे. सदस्य ज्या सभागृहात बसतो तेथे त्याने कोणाला काय विचारले, हे पारावर फारसे कोणी विचारत नाही. पुन्हा मत मागायला आलेल्या सदस्याची खरी परीक्षा या दुसऱ्या प्रश्नात आहे. तिचे महत्त्व ध्यानात यावे म्हणून आज एका नगरसेवकाची कथा सांगावयाची आहे. कथा मुंबईची आणि 1907 सालची. त्या काळी आपले उमापूर निजामाच्या राज्यात होते आणि येथील शेतकऱ्याला कोणत्याही सभागृहासाठी मत नव्हते.

फिरोजशहा मेहता यांचा जन्म 1845 सालचा. 1868 मध्ये ते बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले. त्या सुमारास मुंबईचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताच्या हाती होता. क्रॉफर्ड यांनी बाजार बांधले, रस्ते केले. पण खर्चावर लगाम राहिला नाही आणि करदाते संतापले. 1871 मध्ये जागोजागी क्रॉफर्ड यांच्या नावाने ओरड चालू असताना सव्वीस वर्षांच्या मेहतांनी भर सभेत निबंध वाचला. एकट्या क्रॉफर्ड यांना दोष देऊन भागणार नाही, रचनाच सदोष आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारभार एका समर्थ अधिकाऱ्याकडेच असावा, परंतु त्याच्यावर करदात्यांनी निवडून दिलेल्या सभागृहाचा अंकुश असावा, हा त्यांनी सुचविलेला उपाय. श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी मात्र जो कायदा झाला त्याने 64 सदस्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडून देण्याची तरतूद केली. लोकांना रुचणारे न बोलता योग्य ते बोलणे, अशी या सार्वजनिक जीवनाची सुरुवात झाली.

त्यानंतर चार दशके मेहता त्या सभागृहात राहिले. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याची घडण होत असताना कायदेमंडळात त्यांनी आणि न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी लोकप्रतिनिधींची बाजू लावून धरली. तोच कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, आजही मुंबईत लागू आहे. 1884, 1885 आणि 1905 या वर्षी ते सभागृहाचे अध्यक्ष झाले. अंदाजपत्रकातील आकड्यांचा बारकाईने अभ्यास करून येणारा हा सदस्य अधिकाऱ्यांना जड जाऊ लागला, यात नवल ते काय?

1907 च्या निवडणुकीत त्याचा प्रत्यय आला. ‘जस्टिस ऑफ द पीस’ ही पदवी धारण करणाऱ्यांच्या मतदारसंघातून 16 सदस्य निवडले जावयाचे होते आणि मेहता तेथून उभे होते. त्यांना पाडण्यासाठी एक गट जमला. त्यात अकौंटंट जनरल हॅरिसन होते, महापालिका आयुक्त शेपर्ड होते, पोलीस आयुक्त गेल होते आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर होते. मुंबईच्या इतिहासात हा गट ‘कॉकस’ या नावाने ओळखला जातो. त्यांनी आपल्या पसंतीच्या सोळा जणांची यादी तयार केली आणि तिच्यासाठी मते फिरवली. निकाल लागला तेव्हा मेहता सतरावे आले.

ज्या आयुक्ताच्या कारभारावर सदस्याने लक्ष ठेवावयाचे, तोच आयुक्त त्या सदस्याला पाडण्यासाठी कामाला लागला होता! मेहतांनी सभागृहावर नको इतकी पकड बसवली आहे, असे या मंडळींचे म्हणणे होते. त्यात काही तथ्य असेलही. दीर्घकाळ एका खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपणच सभागृह आहोत असे वाटू लागण्याचा धोका असतोच. परंतु त्यावर उपाय करावयाचा तो मतदाराने, स्वतःच्या विवेकाने. हिशेब ज्याने द्यावयाचा, त्यानेच हिशेब विचारणारा निवडावा, हा उपाय नव्हे.

मुंबईत मोठी खळबळ उडाली. प्रकरण न्यायालयात गेले. निवडून आलेल्या सोळांपैकी एक जण अपात्र ठरला आणि सतराव्या उमेदवाराला जागा मिळाली. मेहता पुन्हा सभागृहात येऊन बसले. त्याच सभागृहाने 1911 मध्ये त्यांना पुन्हा अध्यक्ष केले. 1915 मध्ये ते निवर्तले. मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा आजही उभा आहे.

मेहता हे नेमस्त. लोकमान्यांचे आणि त्यांचे मार्ग भिन्न होते. त्याच 1907 च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस दुभंगली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण नगराच्या कारभाराला लोकमान्यांनीही गौण मानले नाही. 1895 मध्ये ते स्वतः पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले होते. विचारांचे भेद बाजूला ठेवून गुण घ्यावा, ही आपली रीत आहे.

आता मुंबईहून आपण आपल्या जिल्ह्याकडे वळू. मराठवाडा 1948 मध्ये मुक्त झाला. 1962 मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि उमापूरच्या शेतकऱ्याला जिल्ह्याच्या कारभारात मत मिळाले. मेहतांच्या काळी मुंबईतही मूठभर करदात्यांनाच असलेला हा अधिकार आता प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाचा आहे. त्याचे आपण काय केले?

मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची, तसेच बीडसह बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आदेश दिल्यानंतर चक्रे फिरली. गेवराई, बीड, माजलगावसारख्या नगरपरिषदांसाठी डिसेंबर 2025 मध्ये आणि मुंबई महापालिकेसाठी जानेवारी 2026 मध्ये मतदान झाले. मधल्या साडेतीन-चार वर्षांत तेथे प्रशासक होते. प्रशासक प्रामाणिक असू शकतो, कार्यक्षमही असू शकतो. परंतु नळाला पाणी आले नाही तर त्याला दारात उभे करून जाब विचारण्याचा हक्क नागरिकाला नसतो. 1871 मध्ये मेहतांनी ज्या रचनेला दोष दिला, तिच्याच जवळ आपण पुन्हा जाऊन आलो आणि त्याची फारशी खंत कोणाला वाटली नाही. ही बाब चिंतनीय आहे.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. दिवाळी सरली की हजारो कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. हंगामात मतदान आले तर त्यांना आणण्यासाठी उमेदवार गाड्या धाडतात. मजूर रात्रभर प्रवास करतो, मत देतो आणि पुन्हा उसाच्या फडात परततो. ज्याच्या गाडीतून मतदार आला त्याला तो पाच वर्षांनी हिशेब कोणत्या तोंडाने विचारणार? त्या श्रमिकाला दोष देण्याचे कारण नाही. पोट त्याला नेते. परंतु गावात राहणाऱ्या सुशिक्षितांनी त्याच्या वतीने प्रश्न विचारावयास हवेत.

प्रश्न अवघड नाहीत. सदस्य किती सभांना हजर होता? इतिवृत्तात त्याचे नाव कोठे आहे, की केवळ सहीपुरते आहे? लेखापरीक्षणातील आक्षेपांवर तो काय बोलला? 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने ही कागदपत्रे कोणालाही मागता येतात. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. तेथे हे कागद वाचून दाखवता येतील. आणि सदस्याने अंदाजपत्रक वाचले असेल, अधिकाऱ्याला नडला असेल, पण आपल्या गल्लीत फरशी घालू शकला नसेल, तर त्याला फरशीपायी पाडावयाचे काय, याचा निर्णय प्रत्येक घराने शांतपणे करावा.

1907 मध्ये जागरूक सदस्याला अधिकाऱ्यांनी पाडले आणि एका अपात्रतेच्या योगायोगाने तो परतला. आज यादी करणारे कोणी आयुक्त नाहीत. यादी आपल्याच हाती आहे. सभागृहात प्रश्न विचारणारा माणूस आपल्या यादीत सतरावा राहू नये, एवढी दक्षता उमापूरने घ्यावी.