गोळी कुणी झाडली?



अत्याचार उघड झाला की लोकमत आपोआप पीडितांच्या बाजूला वळतं, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतला १९७० सालचा अनुभव वेगळंच सांगतो.

व्हिएतनामचं युद्ध कंबोडियात नेत असल्याचं अध्यक्ष निक्सन यांनी ३० एप्रिलला जाहीर केलं. कॉलेजाकॉलेजांत निषेध सुरू झाला. ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या जवानांनी १३ सेकंद गोळीबार केला. चार विद्यार्थी ठार झाले, नऊ जखमी. दगडफेक झाली होती हे खरं; पण मेलेल्यांपैकी सर्वांत जवळचा मुलगाही जवानांपासून ८० मीटरवर होता. चौघांत दोन मुली होत्या. अ‍ॅलिसन क्राउझ १९ वर्षांची, सँड्रा श्यूअर २० वर्षांची.

त्याच महिन्यात गॅलप संस्थेने लोकांना विचारलं, दोष कुणाचा? ५८ टक्के म्हणाले, विद्यार्थ्यांचा. गार्डला दोष देणारे होते अवघे ११ टक्के!

मेलेल्या मुलींबद्दल गावात अफवा उठल्या: त्या गरोदर होत्या, त्यांना गुप्तरोग होता. मृतदेहाशेजारी गुडघ्यांवर बसून आक्रोश करणाऱ्या मेरी अ‍ॅन व्हेकिओचं छायाचित्र जगभर गाजलं. ती १४ वर्षांची, घरातून पळालेली मुलगी. तिला शिव्याशापांची पत्रं आली. युद्धाचा वाद बाजूला पडला आणि मुलींचं चारित्र्य चव्हाट्यावर आलं. ही रीत आपल्या ओळखीची आहे ना?

दहाच दिवसांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर गोळ्यांचा वर्षाव केला. तिथल्या असंतोषाचं मूळ वर्णभेदात होतं. दोन तरुण मेले. त्यांची नावं केंटइतकी कुणाच्या तोंडी राहिली नाहीत. कोणाच्या मरणाने देश हळहळतो, हेही आधीच ठरलेलं असतं.

मग काहीच बदललं नाही का? बदललं. देशभर लाखो विद्यार्थ्यांनी संप केला. अध्यक्षांनीच नेमलेल्या आयोगाने हा गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य ठरवला. १९७१ पर्यंत दहातले सहा अमेरिकन युद्ध ही चूक होती असं म्हणू लागले. पण युद्ध नकोसं झालेल्यांतल्या अनेकांना निदर्शकही नकोच होते. १९७२ मध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्यांत जिंकले. मुद्दा पटणं आणि तो मांडणाऱ्यांबद्दल आपुलकी वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यातून आपल्या कामासाठी एक गोष्ट घ्यावीशी वाटते. सँड्रा निदर्शनात नव्हती, ती वर्गाला चालली होती. हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. पण तेवढ्यावरच भर दिला, तर निदर्शनात असलेल्या अ‍ॅलिसनला गोळी लागली ते योग्य, असा अर्थ निघतो. पोलीस चौकीत "मुलगी चांगल्या घरची आहे हो" असं काकुळतीने सांगणारी माणसं आपण रोज पाहतो. ज्या बाईला असं प्रमाणपत्र मिळत नाही, तिचं काय?

म्हणून घटना घडल्याबरोबर वेळ, अंतर, जखमा, साक्षीदार यांची नोंद आपणच करायची. अफवा पसरण्याआधी वस्तीत बोलायचं. आणि कुणी "ती तिथे गेलीच कशाला?" असं विचारलं, की तिच्या चांगुलपणाचे पुरावे देत बसायचं नाही. उलट विचारायचं: गोळी कुणी झाडली?