शहराचा नकाशा कुणाला वाचता यावा?



बाप्पाच्या मंडपात आकडे आणि नकाशे हा विषय थोडा रुक्ष वाटेल. पण आपल्या बालाघाटचे रस्ते, नाल्या आणि पाणी यांचे निर्णय असेच कागद समोर ठेवून होतात. तो कागद आपल्याला वाचता आला नाही, तर त्या निर्णयात आपल्याला तोंडच उघडता येत नाही.

घरचेच उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, तर साऱ्या मध्य प्रदेशात ९३१. अभिमानाचीच गोष्ट! आता याचे दोन स्तंभ काढा. मोजपट्टी शून्यापासून सुरू केली, तर आपला स्तंभ जेमतेम दहा टक्के उंच दिसेल. तीच पट्टी ९०० पासून सुरू केली, तर तो जवळजवळ चौपट दिसेल. आकडे तेच, फसतो तो डोळा. म्हणून कुणी आकृती दाखवली, की आधी विचारावे : पट्टी कुठून सुरू झाली?

शंभर वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदूरने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले. १९१८ साली त्यांचा अहवाल निघाला. आधी पाहणी, मग योजना, हा त्यांचा आग्रह. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढवली आणि आधीच जाहीर केले, की जे मोहल्ले स्वच्छ होतील, तिथूनच ती जाईल. मिरवणुकीचा मार्ग हाच शहराच्या स्वच्छतेचा नकाशा झाला, आणि अक्षरओळख नसलेल्यालाही तो वाचता आला.

पावसाळ्यात पाणी कुठे तुंबते, याचा नकाशा आपण नगरपालिकेपुढे ठेवायचा म्हटले, तर तीन पथ्ये पाळू. एका नकाशात एकच प्रश्न. रंगही एकच, फिक्याकडून गडद होत जाणारा. लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही. आणि नुसते वॉर्ड क्रमांक न लिहिता हनुमान चौक, काली पुतली चौक अशा ओळखीच्या खुणा, त्याही हिंदीत, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळतील.

एखाद्या आजींनी त्यावर बोट ठेवून विचारले, "आमच्या दारात पाणी साचते, मग इथे रंग का नाही?" तर समजावे, नकाशा जमला. मग तो दुरुस्त करायला आपण त्यांच्या दारी जायचे.

गणपती बाप्पा मोरया!