पावसाळा आणि दातांची निगा

इंदिरानगरच्या रहिवाशाला पावसाळ्यात दंतवैद्याकडे जाण्याचा दिवस ठरविताना गोदावरीकडेही पाहावे लागते. पंचवटीतील दंत महाविद्यालय नदीपलीकडे. आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की काय होते, हे २००८, २०१६ व २०१९ च्या पुरांनी दाखविले आहे. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले असता तपासणीची वेळ बदलून घेणे इष्टच. जिल्हा रुग्णालय मात्र अलीकडच्या तीरावर, त्र्यंबक रस्त्यावर आहे.

परंतु सर्वच उपचार पुढे ढकलता येत नाहीत. रूट कॅनाल अर्धवट असेल तर दातातील तात्पुरते भरण फार दिवस टिकत नाही. ते काम मृगापूर्वीच पुरे करावे. दाढ दुखल्यास कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याची सवय वाईट. तिने हिरडी भाजते. गालावर सूज येऊन ताप भरला, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, तर पाऊस ओसरण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. निसरड्या वाटेवर पडून मुलाचा कायमचा दात निखळला, तर मुळाला हात न लावता तो दुधात ठेवावा व तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा.