किरण आणि पेशींची पोथी



कॅन्सरवर किरणोपचार घेऊन आलेल्या बाईजवळ मुलांना जाऊ देऊ नये, असे आपल्याकडे अजून बोलले जाते. म्हणून आज जठराच्या कॅन्सरविषयी चार शब्द सांगते.

आपल्या शरीरातील पेशीपेशीत जनुकांची एकच पोथी असते. जठराची पेशी तिची काही पाने उघडते, डोळ्याची पेशी निराळी. भेदक किरण पेशीतून गेले की ज्या धाग्यावर ही पोथी लिहिलेली आहे तो तुटतो. तत्क्षणी पी-५३ नावाच्या जनुकाचे प्रथिन राखणीला उभे राहते. ते मिटलेली पाने उघडायला लावते, पेशीची वाढ थांबवते, दुरुस्तीला वेळ देते. आणि इजा फार असेल तर पेशीला स्वतःचा अंत करायला लावते.

दुरुस्ती चुकली, तर मात्र ती चूक पुढच्या पेशींत उतरते. १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी येथे बाँबमधून वाचलेल्या लोकांची पुढे अनेक दशके पाहणी झाली. ज्यांना किरण अधिक लागले, त्यांच्यात जठराचा कॅन्सरही अधिक आढळला.

मग तेच किरण औषध कसे? मात्रा मोजून आणि नेम धरून दिले तर गाठीच्या पेशी मरतात. जठराच्या कॅन्सरात मुख्य भर शस्त्रक्रियेवर व औषधांवर असतो. किरण काहींनाच देतात. पुष्कळ गाठींत पी-५३ बिघडलेले असते, राखणदारच नसतो. एकीची गाठ ओसरते व दुसरीची अडून राहते, त्याचे हे एक कारण.

पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत कॅन्सरच्या पेशींचा अभ्यास करण्यात आयुष्य वेचले. आज आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, २००२ पासून टाटा स्मारक केंद्राची मोठी संशोधनसंस्था आहे.

भगिनींनो, यंत्राने बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत. अशा बाईला जवळ घ्या, तिच्या हातचा चहा प्या. आणि भूक मंदावली, दोन घासांत पोट भरू लागले, वजन उतरले, शौचास काळी झाली, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. तिच्यात हे किरण नसतात. आपण घरात सर्वांच्या मागून जेवतो, त्यामुळे आपले अन्न कमी झालेले कुणाच्या ध्यानात येत नाही. ते आपणच एकमेकींना विचारले पाहिजे.