धनी कोणता?



आमच्या राजुऱ्याकडे जुनीं माणसें ठेकेदाराला अजून ‘गुत्तेदार’ म्हणतात. वर्धा नदीचा पूल ओलांडून बल्लारपुरास गेलें कीं तोच गृहस्थ ठेकेदार होतो. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. तें राज्य गेलें, पण हा शब्द आमच्याकडे राहून गेला. शब्द राहिला आणि माणूसहि राहिला. आतां तो मजुरांच्या रांगेपुढें वही घेऊन उभा राहत नाहीं. दूरच्या शहरांत त्याची काचेची कचेरी असते, ‘मनुष्यबळ पुरवठा संस्था’ असें तिचें भारदस्त नांव असतें, आणि त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत खुद्द सरकार असतें.

मी मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेंत उभी हयात घालविलेला मनुष्य. कायद्याच्या पुस्तकांशीं माझा संबंध कधीं आला नव्हता. तो आणला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, आणि तो जेथें काम करतो त्या सरकारी कचेरीचेंहि नाहीं. संगणकावर नोंदी करण्याचें काम तो अकरा वर्षें एकाच टेबलाशीं बसून करीत आला आहे. हजेरी कचेरीचे साहेब पाहतात, रजा तेच देतात, चुकलें तर रागावतातहि तेच. पगार मात्र साहेब देत नाहींत. तो ठेकेदाराच्या खात्यांतून येतो. अकरा वर्षांत असे चार ठेकेदार आले आणि गेले; त्यांपैकीं एकाचेंहि तोंड त्यानें पाहिलेलें नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत एका संध्याकाळीं तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. आईच्या शस्त्रक्रियेसाठीं भविष्यनिर्वाह निधींतून कांहीं रक्कम काढावी म्हणून त्यानें मोबाइलवर आपलें पासबुक उघडलें होतें. तों त्यांत चौदा महिन्यांचे रकाने कोरे! पगाराच्या चिठ्ठींत तर दर महिन्याला शेंकडा बारा प्रमाणें कपात झालेली. “गुरुजी, कापलेले पैसे गेले कोठें?” असें त्यानें विचारलें. मुलांना हिशेबाचीं उदाहरणें घालण्यांत माझें आयुष्य गेलें. हें उदाहरण मला सुटेना.

आम्ही दोघे कचेरींत गेलों. साहेब सज्जन होते. त्यांनीं बसावयास खुर्ची दिली, चहा मागविला आणि सांगितलें कीं, हा मुलगा कामाला फार चांगला, पण कागदोपत्रीं तो आमचा नोकर नव्हे. तुम्ही ठेकेदारास विचारा. ठेकेदाराच्या कचेरींत टेलिफोन केला, तर तेथील कारकुनानें तितक्याच नम्रपणें सांगितलें कीं, सरकारकडून आमचें देयक थकलें आहे. तुम्ही साहेबांना विचारा. काम घेणारा एक, पगार देणारा दुसरा, आणि जबाबदारी दोघांच्या मधल्या रस्त्यावर पडलेली, असा हा प्रकार आहे.

या पद्धतीची एक चांगली बाजू आहे, ती न सांगणें अन्यायाचें होईल. समजा, परदेशांतील एखाद्या कंपनीला पुण्यांत दोन आणि दिल्लींत एक असे तीन नोकर ठेवावयाचे आहेत. आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधि आहे, राज्य विमा आहे, कामगार कल्याण निधि आहे, व्यवसाय कर आहे. व्यवसाय कर महाराष्ट्रांत १९७५ च्या कायद्यानें लागतो, दिल्लींत तो नाहींच. तिघांसाठीं एवढें जंजाळ कोण सांभाळणार? म्हणून ती कंपनी एका येथील संस्थेला सांगते कीं, कायद्याच्या दृष्टीनें या तिघांची धनीण तूं हो, त्यांचे पगार काढ, कर भर, आणि तुझा मेहनताना घे. यांत वावगें कांहीं नाहीं. परक्याला वाटाड्या लागतोच.

पण सरकार हें काहीं परकें नव्हे. हे सारे कायदे त्याचेच. स्वतः केलेला कायदा पाळण्यासाठीं त्याला वाटाड्या कशाला हवा, हें मला कोणी समजावून दिलेलें नाहीं. कारण उघड आहे. कायम नेमणूक केली कीं वेतनश्रेणी आली, सेवापुस्तक आलें, रजा आणि बढती आली. ठेकेदाराकडून माणूस घेतला कीं तो ‘सेवा’ या सदरांत पडतो, आणि खडू-शाईच्या खरेदीप्रमाणें त्याची निविदा निघते. सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें नऊ संस्था नेमून अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा चारहि वर्गांतले नोकर त्यांच्यामार्फत घेण्याचा निर्णय काढला, तेव्हां स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांनीं केवढा गिल्ला केला, तें आपणांस आठवत असेल. ऑक्टोबरांत तो निर्णय मागें घेण्यांत आला. परंतु निर्णय मागें गेला म्हणून पद्धत गेली नाहीं. कचेऱ्यांतून ती पूर्वींपासून चालत होती आणि पुढेंहि चालू राहिली.

येथें उपदानाची एक गंमत सांगतों. अर्थात् ज्याच्यावर बेतते त्याला ती गंमत वाटत नाहीं. १९७२ च्या कायद्यानें एका धन्याकडे सलग पांच वर्षें सेवा झाली म्हणजे उपदान मिळावयाचें. ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनीं बदलतो. तेव्हां एकाच टेबलाशीं अकरा वर्षें बसलेल्या मनुष्याचीं कागदावर पांच वर्षें कोणाकडेच भरत नाहींत.

मीं या प्रकरणापायीं कायदा वाचावयास घेतला आणि मला आश्चर्य वाटलें. कायदा आपण समजतों तितका आंधळा नाहीं. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यानें ‘मुख्य मालक’ असा एक शब्द योजिला होता. म्हणजे ज्याच्या दारांत काम चालतें तो. ठेकेदारानें मजुरी बुडविली तर ती मुख्य मालकानें द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेनें घेतली आहे. पन्नासांहून कमी कंत्राटी माणसें असतील तर ठेक्याविषयींचीं तिचीं कलमें लागू होत नाहींत, ही गोष्ट मला बरी वाटत नाहीं. परंतु मजुरीची शेवटची जबाबदारी मुख्य मालकावर, हें तत्त्व तिनेंहि सोडलेलें नाहीं. भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेंत तर नोकराचा आणि धन्याचा असे दोन्ही वाटे ठेकेदाराच्या माणसांबद्दलसुद्धां मुख्य मालकानेंच भरावयाचे, असें आहे. आणि पगारांतून कापलेला वाटा न भरणें हा साधा उशीर नव्हे; फौजदारी कायद्यानें तो विश्वासघाताचा गुन्हा ठरविला आहे.

न्यायालयांनींहि हा पडदा अनेकदां बाजूला सारला आहे. कालिकतच्या एका दोरखंडाच्या कारखान्याविषयीं १९७८ सालीं निकाल देतांना न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं असा विचार मांडला कीं, मध्यें ठेकेदार दिसला तरी मजुराची भाकर ज्याच्या हातीं, तोच त्याचा खरा धनी. पुढें २००६ मध्यें उमादेवी प्रकरणांत मागल्या दारानें झालेल्या नेमणुका कायम करतां येणार नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, आणि बहुतेक कचेऱ्यांनीं तेवढेंच वाक्य पाठ केलें. डिसेंबर २०२४ मध्यें त्याच न्यायालयानें झाडूकाम करणाऱ्या कांहीं स्त्रियांच्या खटल्यांत त्या निकालाचा असा उपयोग करूं नका, आणि नित्याचें काम करणाऱ्यांना दूर सारण्यासाठीं ठेकेदारीची ढाल पुढें करूं नका, असें बजाविलें आहे. तें वाक्य अजून कोणी पाठ केल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं.

मग मधला मनुष्य नकोच कीं काय? तसें मी म्हणणार नाहीं. कारण याच महाराष्ट्रांत मधल्या माणसाचा एक उत्तम नमुना आहे. मुंबईच्या बाजारांत पाठीवर पोतीं वाहणारा माथाडी आज या व्यापाऱ्याकडे, उद्यां त्या व्यापाऱ्याकडे राबे. त्याचा धनी कोण म्हणावा? अण्णासाहेब पाटील यांनीं या हमालांची संघटना बांधली आणि १९६९ सालीं माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्यानें मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के आकार मंडळांत भरावयाचा. मंडळानें माथाड्याला पगार द्यावयाचा, आणि त्या आकारांतून त्याचा निधि, बोनस, उपदान, रजा सांभाळावयाच्या. धनी शंभर बदलले तरी मंडळाची वही एकच. १९८१ च्या कायद्यानें खासगी सुरक्षारक्षकांसाठींहि अशींच मंडळें झालीं. त्या मंडळांचाहि कारभार दोषरहित नाहीं, आणि खोट्या टोळ्यांच्या तक्रारी आपण वर्तमानपत्रांत वाचतोंच. पण तेथें मंडळाला मजुरींतून नफा काढावयाचा नसतो, आणि त्यावर मजुरांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधि बसतात. सरकारी कचेरीच्या निविदेंत मात्र जो सर्वांत थोडी दलाली मागतो त्याला माणसें मिळतात. इतक्या थोडक्यांत त्याचें भागतें तरी कसें, हा प्रश्न निविदा उघडणाऱ्यानें स्वतःस एकदां विचारावा. माझ्या विद्यार्थ्याच्या चौदा कोऱ्या रकान्यांत त्याचें उत्तर मला दिसलें.

त्या रकान्यांचें पुढें काय झालें तें सांगतों. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालीं दहा रुपये भरून आम्हीं कचेरीकडे ठेक्याचा करार आणि देयकांबरोबर जोडलेल्या निधीच्या चलनांच्या प्रती मागितल्या. तीस दिवसांच्या आंत त्या मिळाल्या, हें कचेरीच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. करारांत स्वच्छ लिहिलें होतें कीं, चलन आणि नांवांची यादी जोडल्याखेरीज ठेकेदाराचें देयक मंजूर करूं नये. चलनें जोडलेलीं होतीं. रकमाहि जुळत होत्या. मीं चष्मा पुसून नांवांची यादी वाचली, तर तींत या कचेरींतलें एकहि नांव नव्हतें! ती दुसऱ्याच कोठल्या तरी कामावरच्या माणसांची होती. चौदा महिने तीवर सही होत गेली, आणि सही करणाऱ्या कोणीहि एकदांसुद्धां नांवें वाचलीं नाहींत. पहिलीच्या वर्गांत आम्ही हजेरी घेतांना प्रत्येक नांव मोठ्यानें उच्चारतों, तें कशासाठीं असतें?

त्या कागदांसह निधीच्या कचेरींत अर्ज दिला. आठ महिन्यांनीं ठेकेदारानें नऊ महिन्यांचा भरणा केला. पांच महिने राहिले आहेत. शस्त्रक्रिया त्यापूर्वींच पतसंस्थेच्या कर्जावर होऊन गेली होती. आई आतां बरी आहे, कर्ज अजून आहे.

शहरांतील श्रोत्यांना वाटेल कीं हें राजुऱ्याचें रडगाणें आपण कशाला ऐकावें. आपल्या इमारतीच्या फाटकाशीं रात्रभर जो रखवालदार बसतो, तो बहुधा अशाच एखाद्या संस्थेनें पाठविलेला असतो, आणि तेथें मुख्य मालक म्हणजे आपली गृहनिर्माण संस्था, म्हणजे आपणच. मागील महिन्याचा निधि १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. तेव्हां पुढील देयकावर सही करण्यापूर्वीं चिटणिसांनीं त्याचें चलन आणि यादी मागवावी, आणि रखवालदाराला बोलावून त्याचें नांव तींत आहे कीं नाहीं, हें त्याच्या देखत पाहावें. पांच मिनिटांचें काम आहे.

गेल्या महिन्यांत आमच्या त्या कचेरींत पांचवा ठेकेदार आला. माझा विद्यार्थी नवें ओळखपत्र दाखवावयास आला होता. त्यावर नेमणुकीची तारीख गेल्या महिन्याची आहे. उरलेल्या पांच महिन्यांसाठीं चौथ्या ठेकेदाराविरुद्धचा अर्ज आम्हीं त्याच दिवशीं पुन्हां लिहावयास घेतला; या वेळीं अक्षर त्याचें आहे, मी फक्त मजकूर सांगतों.