वृद्धाश्रम आणि वृद्धांची इच्छा
(पलूस येथील वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



वृद्धाश्रमाचे नाव निघताच आपल्या सभेत माना खाली जातात. आईबापांस तेथे ठेवणे म्हणजे घराण्यास कलंक, अशी आपली समजूत आहे. परंतु पलूस-किर्लोस्करवाडीच्या या पट्ट्यात द्राक्षबागा व उसाचे फड राखीत वडीलधारी मागे राहिली आणि मुले पुण्यामुंबईस, कित्येक तर परदेशी स्थिरावली, हे आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर शंभरांत सुमारे दहा माणसे साठीची वा साठीपुढची होती. तेव्हा कलंकाची चर्चा पुरे. वृद्धाश्रमात माणूस कसा जगतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. मुलांकडून पोटगी मागण्याचा हक्क त्याने आईबापांस दिला आणि निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यागणिक किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूदही केली. हे योग्यच झाले. पण अन्न, वस्त्र आणि निवारा मिळाला म्हणजे जगणे सुखाचे झाले, असे नाही.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धनिवासात एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन या विदुषींनी केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील वृद्धांस सांगण्यात आले की, खोली कशी लावावी हे तुम्हीच ठरवा. एक रोपटेही त्यांना स्वतः जोपासावयास दिले. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण त्यांना पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे ठेवले. तीन आठवड्यांनी पाहता पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक आनंदी व तरतरीत आढळली.

आम्हांस यात नवल वाटत नाही. खरडछाटणी कधी, फळछाटणी कधी, हे ज्याने जन्मभर स्वतः ठरविले, त्यास चहा केव्हा प्यावा हेदेखील दुसऱ्याने सांगावे, याहून मोठे दारिद्र्य कोणते? जिच्या शब्दावाचून घरात चूल पेटत नसे, त्या माउलीस निदान भाजी निवडावयास तरी बसू द्यावे.

म्हणून आपले माणूस कोठे ठेवण्यापूर्वी इमारतीची फरशी पाहू नका. पुढील गोष्टी विचारा. रात्री हाकेला कोण येते? अंथरुणास खिळलेल्यास दर दोन तासांनी कूस बदलून देतात काय? न्हाणीघरात धरावयास कठडा आहे काय? सेवक दार वाजवून आत येतात काय? निजण्या-उठण्याची वेळ कोण ठरवितो? आणि ठेवल्यानंतर आपण स्वतः वरचेवर, न कळविता जात जा. ज्याच्याकडे माणसे येतात, त्याची हयगय सहसा होत नाही.

आपल्या मंडळापुढे वृद्धाश्रमास देणगी देण्याचा विचार चालू आहे. दात्याच्या नावाची पाटी लावून एखादी खोली बांधावी, असे काहींचे मत आहे. आमची नम्र सूचना अशी की, ती रक्कम रात्रपाळीच्या सेविकेच्या पगारासाठी द्यावी. तिच्या कामावर पाटी लागणार नाही, हे खरे. पण मध्यरात्री पाण्याचा पेला मागणाऱ्या वृद्धास तो मिळेल.

हा निर्णय आज आपण दुसऱ्यांसाठी घेत आहोत. उद्या त्याच खाटेवर आपणही असू. एवढे ध्यानी घेऊन सभेने मत द्यावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.