युवराजाच्या आईची मोहर

सध्या धानाची कापणी सुरू आहे, गावोगावी मंडई भरते आहे. हातातलं काम करता करता ऐका. आज मी तुम्हाला एका राणीची गोष्ट सांगणार आहे. राणी दूरची नाही, आपल्या शेजारची आहे. रामटेकला तुमच्यापैकी पुष्कळजणी गेल्या असाल, त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला. तिथून जवळच नगरधन नावाचं गाव आहे. सोळाशे वर्षांपूर्वी त्याचं नाव होतं नंदिवर्धन. ती वाकाटक राजांची राजधानी होती, आणि तिथून प्रभावतीगुप्ता या बाईने राज्य चालवलं.

प्रभावती मोठ्या घरची लेक. वडील उत्तरेतले गुप्त सम्राट दुसरे चंद्रगुप्त, आई नाग कुळातली कुबेरनागा. वाकाटकांच्या दुसऱ्या रुद्रसेनाला तिला दिली. दोन राज्यांची सोयरीक जुळावी, हा त्यातला हिशेब होता. पण रुद्रसेन थोडीच वर्षं राज्य करून वारला. मुलं लहान होती. इ.स. ४०० च्या आगेमागे राज्याचा कारभार या विधवा बाईच्या हाती आला.

हे आपल्याला कळलं कसं? तांब्याच्या पत्र्यांवरून. त्या काळी राजाने गाव दान दिलं की तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. आपल्या सातबाऱ्यासारखाच तो पक्का कागद. प्रभावतीने दिलेला एक ताम्रपट पुण्यात मिळाला. तो तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षाचा आहे, आणि निघाला नंदिवर्धनातून. कार्तिक शुद्ध द्वादशीला, देवाच्या पायाशी अर्पण करून, तिने ते दान दिलं. त्यावरच्या मोहरेचा अर्थ असा, की ही युवराजाच्या आईची आज्ञा आहे.

म्हणजे निदान तेरा वर्षं हुकूम तिचा चालत होता. आणि त्या ताम्रपटात वंशावळ सुरू होते ती नवऱ्याच्या घराण्यापासून नाही, माहेरच्या गुप्त घराण्यापासून. गोत्रही तिने वडिलांचंच लिहिलं, धारण. लग्न झालं म्हणून तिने आपली ओळख पुसू दिली नाही.

थोरला मुलगा दिवाकरसेन, त्याच्यासाठी तिने राज्य राखलं. पण तो राजा झाल्याचा पुरावा नाही. पुढे धाकटा प्रवरसेन गादीवर बसला. मग आई घरात बसली का? नाही. प्रवरसेनाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने पुन्हा स्वतःच्या नावाने दान दिलं. तो ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या मिरेगावलाही तिचा ताम्रपट सापडला आहे. काही वर्षांपूर्वी नगरधनला उत्खनन झालं, तेव्हा मातीची एक लहानशी मुद्रा मिळाली. वजन साडेसहा ग्रॅमच्या आत. तिच्यावर शंख आहे आणि ब्राह्मी लिपीत प्रभावतीचं नाव.

बाईने राज्य चालवल्याच्या गोष्टी इतर देशांतही आहेत. जपानमध्ये सुइको नावाची सम्राज्ञी इ.स. ५९२ मध्ये गादीवर बसली. तीही राजाची विधवाच. आपली प्रभावती तिच्या जवळपास दोनशे वर्षं आधीची. पण शाळेत आम्हाला तिचं नाव कोणी सांगितलं नाही. बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा मला ते पहिल्यांदा भेटलं.

खरं तेही सांगते. प्रभावतीच्या पाठीशी सम्राट बाप होता. तिने दान दिलेल्या गावांत राबणाऱ्या बायांची नावं कोणत्याच पत्र्यावर नाहीत. त्या बाया म्हणजे आपल्या आज्या-पणज्या. म्हणून मी राणीची गोष्ट सांगते ती तिला ओवाळण्यासाठी नाही.

आमच्या एका गटात एक ताई आहे. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. शेत ती करते, गटाचं कर्ज ती फेडते. एकदा मी विचारलं, ताई, पासबुक कुठं आहे? म्हणाली, भासऱ्याकडे. सातबारा? तोही त्यांच्याकडेच. मग म्हणाली, "माझं काय मॅडम, मी नुसती पोरांची आई."

घरी येताना तेच डोक्यात फिरत होतं. प्रभावतीसुद्धा मोहरेवर "युवराजाची आई" एवढंच म्हणवत होती. पण ती मोहर तिच्या हातात होती. फरक तेवढाच आहे, आणि तोच मोठा आहे.

त्या ताईसोबत आम्ही तिघी तलाठ्याकडे गेलो. वारसाच्या फेरफाराचा अर्ज दिला. भासरे रागावले, अजून नीट बोलत नाहीत. पण पासबुक आता तिच्या पेटीत आहे.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते मोजून झाले की एक काम करा. प्रत्येकीने सांगायचं: घराच्या नमुना आठवर माझं नाव आहे का, शेताच्या सातबाऱ्यावर आहे का, पासबुक कोणाजवळ असतं. जिचं नाव नाही, तिच्यासोबत दोघींनी जायचं. एकटीला पाठवू नका.